आधी खिंड, मग तोफ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, मी कॉलेजला आहे, जुळे सोलापूरला राहतो. वायव्य सरहद्दीवरच्या लढाया, १८७८ ते १९०० पर्यंतच्या, टेबलावर २८ एमएम फिगर्सवर, म्हणजे तेवढ्या उंचीच्या छोट्या सैनिकांवर खेळायच्यात. इंग्रजांकडं एकच तोफ घेण्याइतकं बजेट आहे, कुठली घेऊ?

तोफ बघायच्या आधी दोन गोष्टी ठरव, साल कुठलं आणि तुझ्या टेबलावरची वाट कसली. डोंगरातल्या लढाईत तोफ किती मोठी ते नंतर, ती तिथवर कुणाच्या पाठीवरनं आली ते आधी. डिसेंबर १८७८ ची पेवार कोतल या अफगाण खिंडीतली लढाई खेळणार असशील तर पहाडी बॅटरीकडं, म्हणजे डोंगरी तोफांच्या तुकडीकडं, ७ पौंडी (साधारण ७ पौंडांचा गोळा टाकणारी) होती, आखूड एकसंध नळीची, तोंडाकडनं भरायची. सगळ्यांना जी हवी असते ती स्क्रू गन, म्हणजे अडीच इंची तोंडाची, ती १८७९ ची. तिची नळी दोन तुकड्यांत असायची, जागेवर पोचलं की स्क्रूनं जोडायची, एकेक तुकडा साधारण २०० पौंड म्हणजे ९० किलो, तो एका खेचराला झेपतो, आणि अख्खी तोफ पाच खेचरांवर जायची. नळी एकसंध ठेवली असती तर खेचराला झेपेल एवढी आखूड करावी लागली असती, आणि आखूड नळीतनं गोळा लांब जात नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप केला त्यांनी.

एकच घ्यायची तर माझं मत स्क्रू गनच. दुसऱ्या अफगाण युद्धाच्या (१८७८-८०) उत्तरार्धापासनं १८९७ च्या तिराह मोहिमेपर्यंत, म्हणजे सरहद्दीवरच्या आफ्रिदी पठाणांवरच्या इंग्रजांच्या स्वारीपर्यंत, ती चालते, म्हणजे तुझा जवळजवळ सगळा काळ झाला. फक्त घेताना मागची बाजू नीट बघ. १९०१ ची १० पौंडी पण दोन तुकड्यांचीच, पण ती मागनं भरायची, मागं उघडायचं झाकण दिसतं, ती तुझ्या काळात बसत नाही. आणि स्क्रू गन काळ्या दारूवर चालायची, तिराहमध्ये सुद्धा, प्रत्येक बाराला पांढरा धूर आणि लगेच समोरच्याला कळायचं तोफ कुठं आहे ते. म्हणून तोफ डागली की तोंडापाशी कापसाचा बोळा ठेव आणि पुढच्या टर्नला समोरच्याच्या रायफलींना त्या धुरावर नेम धरायला मिळू दे, खेळ लगेच बदलतो.

रेंजचं विचारशील म्हणून सांगतो, ती ४००० यार्डांच्या आसपास धरतात. २८ एमएमच्या स्केलनं, १/५६ धरलं तर, ६५ मीटर होतात, म्हणजे तुझं टेबल सोडून गोळा गल्लीच्या टोकाला. म्हणून रेंज मोजत बसू नको, टेबलावरचं सगळंच रेंजमध्ये असतं. तोफेला दिसतंय काय आणि तिच्यापासनं लपलंय काय एवढाच हिशोब राहतो, आणि तो हिशोब डोंगर बनवतानाच होतो.

प्रश्न : नमस्कार सर. मुलगा आठवीत आहे, त्याला खैबरसारखी खिंड करून हवीय टेबलावर. आम्ही दरवर्षी दिवाळीत किल्ला करतो, तसाच करू का? खर्च फार नको.

ताई, किल्ला करणारा हात असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. विटा, दगड, वर पोतं आणि पोत्यावर चिखलाचा राडा, हीच पद्धत घ्या, फक्त चिखलाच्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिस आणि फेविकॉलचं पाणी, आणि आत विटांऐवजी थर्माकोल. आपली काळी माती वापरू नका, वाळली की भेगा पडतात आणि चार दिवसांत खपल्या निघतात. थर्माकोलवर स्प्रे रंग थेट मारू नका, माझी पहिली खिंड अशीच विरघळली होती, तीन रविवार गेलेले त्यात, फार वाईट वाटलं. आधी फेविकॉलमध्ये बुडवलेल्या वर्तमानपत्राचे दोन थर, मग बाकी सगळं.

आता आकार. आपल्या डोळ्यात डोंगर म्हणजे सह्याद्री बसलाय, वर सपाट, कडेला आडव्या पायऱ्या, कारण आपला दगड लाव्ह्याच्या थरांचा. तिकडं चुनखडी आणि शेल, घड्या पडलेले, थर तिरके उभे राहिलेले, माथा धारदार. म्हणून थर्माकोलचे तुकडे आडवे रचू नका, तिरके उभे चिकटवा, एवढ्या एका बदलानंच डोंगर सरहद्दीचा दिसायला लागतो. कड्यांना बाभळीची साल लावा, पायथ्याला चाळलेला मुरूम, पण मुरमाचा लालपणा राखाडी-पिवळट रंगाखाली झाका. हिरवा जवळजवळ नकोच, फक्त नाल्याच्या कडेला एखादं शेत, आणि त्या शेताला आपल्याकडच्या टॉवेलचा जुना तुकडा रंगवून लावा, टेरीच्या फासांचं उभं पीक लै सुंदर दिसतं. पहिल्याच दिवशी खेळायचं म्हणून पोरगं मागं लागलं तर टेबलावर पुस्तकांचे ढीग आणि वर चादर उलटी टाका, सोलापुरात घरात चादर नाही असं होत नाही, तेवढ्यावर एक डाव होतो.

सगळं चिकटवायच्या आधी एक काम नक्की करा. तोफ जिथं ठेवणार तिथनं सुताचा दोरा ताणून टेबलभर फिरवा, दोरा जिथं डोंगराला टेकतो त्याच्या मागची जागा तोफेला दिसत नाही, तिथं खडूनं खूण करा. अशी जागा टेबलावर कुठंच नसेल तर पठाणांच्या बाजूनं खेळणाऱ्याला खेळच उरत नाही, खालून वर येईपर्यंत त्याची माणसं संपतात. आणि माथ्यावर सांगर करा, म्हणजे नुसत्या रचलेल्या दगडांचा गुडघाभर आडोसा, बारीक खडे एकावर एक. ऑक्टोबर १८९७ ला, तिराह मोहिमेत, दर्गईच्या माथ्यावरचे आफ्रिदी अशाच दगडांच्या आडोशाला होते, खालून तोफा चालू असूनही ते हलले नाहीत, शेवटी गॉर्डन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीला आणि गुरख्यांना उघड्यावरनं पळत जाऊन ती जागा घ्यावी लागली. मुलाला ही लढाई नक्की सांगा, सांगराला डाइसमध्ये भक्कम आडोसा का द्यायचा ते त्याला आपोआप कळेल. तोफेसाठी मात्र कड्यावर तळहाताएवढी सपाट जागा सोडा, नाहीतर तोफेखालचा बेस घसरतो आणि दरवेळी भांडण.

प्रश्न : खिंडीत हत्ती दाखवला तर चुकीचं ठरेल का?

नाही. दुसऱ्या अफगाण युद्धात ४० पौंडी तोफा हत्ती ओढायचे, आणि पेवार कोतलच्या रात्रीच्या चालीत घोडदळाच्या तोफखान्यातल्या तोफा हत्तींच्या पाठीवर होत्या. पण गोळीबार सुरू झाला की हत्ती बिथरतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात जड तोफांना बैल जुंपायचे. तेव्हा हत्ती टेबलाच्या मागच्या कडेला ठेवा आणि पुढं न्यायला चार बैलजोड्या रंगवून घ्या.