कुडमाईपूर्वी एवढे समजून घे

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. आईने पंचांग पाहून साखरपुड्याचे तीन मुहूर्त कळवले आणि पंजाबातील बटाल्याहून, तुझ्या होणाऱ्या शीख सासरकडून, ‘जो रविवार सर्वांना सोयीचा असेल तो’ एवढेच उत्तर आले, यामुळे ती दुखावली आहे, हे मी समजू शकते. परंतु त्या उत्तरात बेफिकिरी नाही, हे तिला तूच सांगायला हवे. शीख रहत मर्यादेनुसार, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेनुसार, शुभाशुभ दिवस ठरवण्यासाठी पत्रिका पाहणे हे ‘मनमत’, म्हणजे गुरूंची शिकवण सोडून स्वतःच्या मनाने चालणे, मानले जाते, आणि दोन्ही घरांनी विचारविनिमय करून ठरवलेला कोणताही दिवस योग्यच असतो. त्याच मर्यादेत असेही म्हटले आहे की कुडमाई, म्हणजे साखरपुडा, बंधनकारक नाही. करायचीच असेल तर संगत (भाविकांचा समुदाय) जमवून गुरू ग्रंथ साहिबांसमोर अरदास (प्रार्थना) करावी आणि मुलाला कृपाण, कडे व थोडी मिठाई द्यावी. चेहऱ्यावरचा फुलांचा सेहरा आणि मनगटावरचा लाल धागाही तिथे वर्ज्य आहे, म्हणून मुंडावळ्यांचा विषय ऐन कार्यात नव्हे, आत्ताच काढ.

कुडम म्हणजे व्याही, म्हणून कुडमाई म्हणजे व्याहीपण जोडणे. गुरू रामदास यांचा सूही रागातील एक शबद (पद) यासाठी आवर्जून ऐक: ‘सतु संतोखु करि भाउ कुड़मु कुड़माई आइआ’. सत्य, संतोष आणि प्रेम अंगी बाणले, तेव्हा सोयरा मागणी घेऊन दारी आला, असा त्याचा आशय आहे. मागणी ईश्वराकडून आलेली आहे आणि वधू म्हणजे जीव. आपल्याकडे साखरपुड्यात देण्याघेण्याच्या याद्यांना जे महत्त्व येते, त्याच्या शेजारी ही ओळ ठेवून पाहा.

नामदेवांविषयी तू उत्साहाने लिहिले आहेस. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्यांच्या वास्तव्यासाठी ओळखले जाणारे घुमान हे गाव बटाल्यापासून फार दूर नाही, आणि 2015 साली मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले होते. नांदेडचे हजूर साहिब तर आपल्याच मातीत आहे, जिथे 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथाला गुरुपद दिले. हा धागा खरा आहे आणि मला स्वतःला तो फार प्रिय आहे. ‘ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही’ हे पद रागी (गुरुद्वारातील कीर्तनकार) गातात तेव्हा वारकरी घरात वाढलेल्या माझ्या डोळ्यांत पाणी येते. तरीही ‘म्हणजे शेवटी सगळे एकच’ असे तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या आजीला म्हणू नकोस. तिच्या कानी येणारा बीठलु निर्गुण, सर्वव्यापी आहे. तुझ्या आजीचा विठ्ठल कटीवर हात ठेवून विटेवर उभा आहे. दोघींना एकाच पदाने आधार दिला, हेच पुरेसे मोठे आहे, आणि त्यातला फरक पुसून टाकला तर दोघींचेही काहीतरी हरवते.

आता सर्वांत अवघड प्रश्न. आनंद कारज, म्हणजे शीख विवाहविधी, शीख नसलेल्या व्यक्तीचा करता येत नाही, असे रहत मर्यादा सांगते. काही गुरुद्वारे याबाबत सौम्य असतात, म्हणून कोणी तुला ‘बघू, होऊन जाईल’ असे सांगेल. त्यावर विसंबू नकोस. लावा म्हणजे लग्नात एकेका फेऱ्याबरोबर म्हटली जाणारी पदे; त्या चार लावांपैकी दुसरीत अहंकाराचा मळ जाण्याविषयी आणि चौथीत सहज अवस्थेविषयी म्हटले आहे. गुरू ग्रंथ साहिबांभोवती फेरे घेताना तुझ्या मनात त्या ग्रंथाविषयी गुरुभाव असेल का, हे स्वतःला विचार. असेल तर ग्रंथींशी, म्हणजे गुरुद्वारात ग्रंथपाठ करणाऱ्यांशी, मोकळेपणाने बोल. नसेल तर विशेष विवाह कायद्याने नोंदणी करा. तिची नोटीस तीस दिवस आधी द्यावी लागते. त्यानंतर अरदास आणि लंगर करण्यात कुणाचाही अनादर नाही. केवळ छायाचित्रांसाठी किंवा सासरच्यांना बरे वाटावे म्हणून लावा घेऊ नकोस, एवढे मात्र मी ठामपणे सांगते.

दिवस ठरवण्याआधी दोन्ही आयांना घेऊन नांदेडला जा. तिथे लंगरच्या पंगतीत दोघी शेजारी बसू देत आणि मुहूर्ताचा विषय तुझ्या आईने स्वतःच काढू दे. परतलात की कळव.

तुझी,
बाई