ब्रोकन हिलच्या खाणकामगार घराण्याचा इतिहास शोधायला कुठून सुरुवात करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासऱ्यांचे वडील आणि आजोबा ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणीत होते. सासरे आता नाहीत. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत, त्याही त्याच गावच्या, आणि अ‍ॅडलेडला तुमच्याजवळ राहतात. मुलांसाठी घराण्याचा इतिहास लिहून ठेवायचाय, पण न्यू साउथ वेल्सच्या नोंदींमध्ये १८९०च्या मागे काहीच सापडत नाही.

फारसं सापडणार नाहीच, कारण गावच त्याच्या जेमतेम काही वर्षं आधी वसलं. १८८३ साली चार्ल्स रॅस्प नावाच्या, माउंट गिप्सच्या मेंढवाड्यावर कुंपणं राखणाऱ्या माणसाला त्या टेकडीवर खनिज सापडलं. १८८५ मध्ये कंपनी स्थापन झाली (तीच पुढची बीएचपी) आणि मग चांदी, शिसं, जस्त काढायला माणसांची रीघ लागली. म्हणजे १८९० साली तिथे असलेला जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणूस दुसरीकडून आलेला होता. बरेच जण साउथ ऑस्ट्रेलियातल्या तांब्याच्या गावांतून आले होते: बरा, कडीना, वॉलरू, मूंटा. त्यांचे आईबाप त्याआधी इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेले.

नकाशात ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्समध्ये असलं तरी त्याचा सगळा संसार अ‍ॅडलेडशी बांधलेला आहे. अ‍ॅडलेड (साउथ ऑस्ट्रेलियाची राजधानी) सुमारे ५०० किलोमीटरवर, सिडनी ११०० किलोमीटरच्या पुढे. साउथ ऑस्ट्रेलियाकडे जाणारी रेल्वे १८८८ मध्ये सुरू झाली, सिडनीशी थेट रेल्वे जोडायला १९२७ उजाडलं. गावाची घड्याळं आजही अ‍ॅडलेडच्या वेळेवर चालतात, दूरध्वनीचा विभागीय क्रमांकही साउथ ऑस्ट्रेलियाचाच, ०८. हे मनात ठेवूनच शोध घ्या. फक्त न्यू साउथ वेल्सच्या नोंदी चाळणाऱ्याला निम्मंच घराणं सापडतं.

पण कागदांच्या मागे लागण्याआधी सासूबाईंजवळ बसा. कागद पुढच्या वर्षीही असतील.

एका बैठकीत तासाभराहून जास्त वेळ घेऊ नका, या वयात दमणूक होते. फोनवरच रेकॉर्डिंग करा, फक्त तो टेबलावर नुसता ठेवू नका. खाली घडी केलेला टॉवेल घाला, नाहीतर कप ठेवल्याचा आवाज शब्दांवर चढतो. एसी आणि पंखा बंद करा. सुरुवातीला तारीख, जागा आणि हजर असलेल्यांची नावं मोठ्याने सांगा. रेकॉर्डिंग करतोय आणि ते पुढे कोण ऐकणार, हेही आधीच सांगून त्यांची परवानगी घ्या.

‘तेव्हाचं आयुष्य कसं होतं?’ असं विचारलं की ‘छान होतं, कष्ट होते’ एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा लहानपणच्या घराचा नकाशा काढून घ्या: पत्र्याच्या त्या घरात कोण कुठे झोपायचं, पाण्याची टाकी कुठे, कपडे कुठे वाळायचे, धुळीचं वादळ आलं की काय काय झाकायचं. मग घरापासून खाणीपर्यंतचा रस्ता. तिथल्या रस्त्यांना खनिजांची आणि रसायनांची नावं आहेत: अर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, कोबाल्ट, बेरिल. रस्त्याचं नाव आठवलं की शेजारी आठवतात, आणि शेजारी आठवले की आडनावं येतात. पुढे कागदांत शोधायला तुम्हाला तीच लागणार आहेत.

खाणीबद्दल नेमकं विचारा. कोणती खाण: नॉर्थ, साउथ, झिंक कॉर्पोरेशन? वडील खाली उतरायचे की वर कामाला होते? पाळी कोणती? ‘क्रिब’चा, म्हणजे पाळीतल्या जेवणाचा डबा कोण भरायचं आणि त्यात काय असायचं? ‘लेड बोनस’चं काय व्हायचं? हा बोनस १९२५ पासून शिशाच्या बाजारभावाप्रमाणे मिळायचा आणि १९५०च्या आसपास भाव चढल्यावर तो भरघोस झाला. घरातला पहिला फ्रिज किंवा गाडी कधी आली, याचा धागा बहुतेकदा तिथेच सापडतो. पाण्याबद्दलही विचारा. मेनिंडीहून डार्लिंग नदीचं पाणी नळाने १९५२ मध्ये आलं, म्हणजे सासूबाईंचं बालपण त्याआधीच्या टंचाईत गेलंय. नाताळची सुट्टी कुठे काढायचे, हेही विचारा. गावातली कितीतरी कुटुंबं अ‍ॅडलेडच्या समुद्रकिनाऱ्यावर जायची, आणि कोणाकडे उतरायचे यावरून साउथ ऑस्ट्रेलियातले नातेवाईक कळतात.

आणखी एक प्रश्न जपून विचारा: लग्नाआधी नोकरी होती का, आणि ती का सोडली? लग्न झालेल्या बाईने नोकरी करू नये, असा तिथल्या कामगार संघटनांचा दंडक कित्येक दशकं होता. पुष्कळ बायकांच्या मनात ती सल राहिली आहे. त्या बोलल्या तर ऐकत राहा, मध्ये तारखा विचारू नका.

आता कागद. सर्वात आधी सासऱ्यांच्या आजोबांचा मृत्यूचा दाखला काढा, जन्माचा नव्हे. न्यू साउथ वेल्सच्या जुन्या मृत्यूच्या दाखल्यात जेवढी माहिती असते तेवढी फार थोड्या ठिकाणी मिळते: आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, वडिलांचा व्यवसाय, जन्मस्थळ, कुठे, कोणत्या वयात, कोणाशी लग्न झालं, हयात मुलांची नावं आणि वयं, आधी गेलेल्या मुलांची संख्या. शिवाय कोणत्या वसाहतीत (म्हणजे आजच्या राज्यात) किती वर्षं राहिले, हाही रकाना असतो. तिथे ‘साउथ ऑस्ट्रेलिया १५ वर्षं, न्यू साउथ वेल्स २० वर्षं’ असं काही असेल, तर अख्खा प्रवास एका ओळीत मिळाला. ऑनलाइन इंडेक्स फुकट पाहता येतो: मृत्यू ३० वर्षांपूर्वीचे, लग्नं ५० वर्षांपूर्वीची, जन्म १०० वर्षांपूर्वीचे. क्रमांक मिळाला की मूळ प्रतीऐवजी अधिकृत ट्रान्स्क्रिप्शन एजंटाकडून (दाखल्यातला मजकूर उतरवून देणाऱ्याकडून) नक्कल घ्या. ती स्वस्त पडते आणि संशोधनाला पुरते.

मात्र दाखल्यावरची माहिती देणारा मृत माणूस नसतो. जावई, शेजारी किंवा अंत्यविधी करणारा जे सांगेल ते लिहिलं जातं. म्हणून खाली ‘माहिती देणारा’ कोण आहे ते आधी बघा. मुलाने स्वतःच्या आईचं नाव सांगितलं असेल तर विश्वास ठेवा. जावयाने सासऱ्याच्या आईचं माहेरचं आडनाव सांगितलं असेल, तर दुसरा पुरावा मिळेपर्यंत ते पेन्सिलीनेच लिहा.

म्हातारपणी अ‍ॅडलेडला जाऊन वारलेल्यांचा दाखला साउथ ऑस्ट्रेलियात असतो, आणि तो फार त्रोटक. आईवडिलांची नावं तिथे बहुधा नसतात. अशा वेळी लग्नाचा दाखला घ्या, त्यात वधूवरांच्या वडिलांची नावं मिळतात. साउथ ऑस्ट्रेलियात सरकारी नोंदणी १८४२ पासून आहे, न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासून. घराणं मेथडिस्ट असेल (कॉर्नवॉलची बहुतेक होती), तर चर्चच्या नोंदींसाठीही आधी अ‍ॅडलेडलाच विचारा, कारण ब्रोकन हिलचं मेथडिस्ट चर्च साउथ ऑस्ट्रेलियाच्या कारभाराखाली होतं. अ‍ॅडलेडची स्टेट लायब्ररी तुम्हाला तर घरचीच. त्यांच्याकडे ब्रोकन हिलचे जुने फोटोही पुष्कळ आहेत.

जनगणनेच्या भरवशावर राहू नका. इंग्लंडसारखे घरोघरचे नावनिशीचे तक्ते इथे जपलेले नाहीत. १८९१ आणि १९०१ची न्यू साउथ वेल्सची पुस्तकं आहेत, पण त्यांत कुटुंबप्रमुखाचं नाव आणि घरातल्या माणसांची संख्या, एवढंच. त्याऐवजी १९०३ पासूनच्या केंद्रीय मतदारयाद्या पाहा. बायकांना १९०२ मध्येच मत मिळाल्याने त्याही यादीत असतात. त्यांत नाव, पत्ता, व्यवसाय दिलेला असतो. एकाच पत्त्यावरचे सगळे मतदार टिपून काढलेत, तर भाडेकरू म्हणून राहिलेला मेहुणा किंवा विधवा आत्या सापडते. पैसे देऊन वापरायच्या वंशावळीच्या साइट्स बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत फुकट वापरता येतात, आधी तिथे चौकशी करा.

सर्वात जास्त वेळ मात्र ‘ट्रोव्ह’वर घालवा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं हे संकेतस्थळ पूर्ण फुकट आहे, आणि तिथे ‘बॅरियर मायनर’ हे गावचं वर्तमानपत्र १८८८ पासून १९५४ पर्यंत वाचता येतं. शोधताना हे सांभाळा. बाईचं नाव तिच्या स्वतःच्या नावाने क्वचितच सापडतं, ‘मिसेस डब्ल्यू. रिचर्ड्स’ असं नवऱ्याच्या आद्याक्षराने शोधा. छापील मजकूर यंत्राने वाचलेला असल्याने अक्षरं चुकतात, म्हणून आडनाव नाही मिळालं तर रस्त्याचं आणि खाणीचं नाव एकत्र टाका. ‘फॅमिली नोटिसेस’ (जन्म, लग्न, मृत्यूच्या छोट्या जाहिराती) हा विभाग निवडून मृत्यूच्या तारखेच्या आसपास पुढची पाचसहा वर्षं पाहा. दरवर्षी त्याच तारखेला श्रद्धांजलीची ओळ छापायची पद्धत होती आणि त्यात लेकी सासरच्या आडनावाने सही करायच्या. लग्न झालेल्या मुली शोधायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. त्याच कुटुंबाच्या बातम्या मूंटाच्या ‘पीपल्स वीकली’त आणि अ‍ॅडलेडच्या ‘अ‍ॅडव्हर्टायझर’ व ‘क्रॉनिकल’मध्येही शोधा. १९५४ नंतरच्या मृत्यूंसाठी ‘रायरसन इंडेक्स’ (ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रांतल्या मृत्यूच्या जाहिरातींची ऑनलाइन सूची) वापरा.

कोणी खाणीत अपघाताने गेलं असेल, तर दुसऱ्या दिवशीची बातमी आणि पुढच्या काही दिवसांत चौकशीत झालेल्या साक्षी वाचा. कोणत्या लेव्हलवर, बरोबर कोण होतं, छताला आधार होता की नव्हता, हे सगळं सहकाऱ्यांच्या शब्दांत मिळतं. चौकशीची मूळ कागदपत्रं सगळी टिकलेली नाहीत, त्यामुळे कधीकधी वर्तमानपत्र हाच एकमेव दस्तऐवज असतो. खाणखात्याच्या वार्षिक अहवालांतही प्राणघातक अपघातांच्या नोंदी आहेत. गावातल्या टेकडीवर २००१ साली उभारलेल्या स्मारकावर ८००हून अधिक नावं कोरलेली आहेत.

पण धुळीने आणि शिशाने हळूहळू गेलेल्यांचं मरण अपघातात मोजलं गेलं नाही. दाखल्यावर ‘थायसिस’ दिसलं की क्षयरोग समजून पुढे जाऊ नका. खाणकामगाराच्या बाबतीत तो दगडाच्या धुळीने झालेला फुप्फुसांचा विकार असू शकतो, किंवा दोन्ही. ‘प्लम्बिझम’ म्हणजे शिशाची विषबाधा. १९१९-२०चा अठरा महिन्यांचा मोठा संप याच पार्श्वभूमीवर झाला. त्यातून खाणीखाली ३५ तासांचा आठवडा मिळाला, आणि १९२० मध्ये ब्रोकन हिलसाठी नुकसानभरपाईचा वेगळा कायदा आला. आजोबा पन्नाशीच्या आत कामावरून उतरले आणि तरी घर चालत राहिलं, तर ही भरपाई होती का, हे तपासा.

संप आणि टाळेबंदीची वर्षं आणखी एका कारणाने लक्षात ठेवा: १८९२, १९०९, १९१९-२०. या काळात कुटुंब अचानक गायब झालं, तर माणूस कामासाठी दुसरीकडे गेलेला असतो. १८९२ नंतर पुष्कळ जण वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कूलगार्डी-कॅलगूर्लीच्या सोन्याकडे वळले. काही पोर्ट पिरीला, कारण चांदी-शिसं वितळवायच्या भट्ट्या तिकडे हलवल्या होत्या. एखाद्या मुलाचा जन्म ब्रोकन हिलला सापडत नसेल, तर याच दोन ठिकाणी शोधा.

पहिल्या महायुद्धात कोणी गेलं असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्याची फाइल फुकट वाचता येते. ब्रोकन हिल लष्करीदृष्ट्याही साउथ ऑस्ट्रेलियाच्या विभागात होतं, तेव्हा भरतीचं ठिकाण अ‍ॅडलेड दिसलं तर माणूस दुसराच आहे असं समजू नका. वंशावळीत मध्येच खान किंवा मोहम्मद आला, तर तो उंटवाल्यांच्या तांड्यांपैकी असू शकतो. सरसकट ‘अफगाण’ म्हटली जाणारी ही माणसं वायव्य हिंदुस्थानातली आणि अफगाणिस्तानातली होती. त्यांचे उंट कराचीहून जहाजावर चढायचे, आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होतं. १९०१ नंतर त्यांना मायदेशी जाऊन परत यायला सवलतीचे दाखले घ्यावे लागत. त्यांवर फोटो आणि हाताचे ठसे असतात, आणि तेही राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

कॉर्नवॉलपर्यंत पोचलात की नावांचा गोंधळ सुरू होईल. विल्यम, जॉन, रिचर्ड पिढ्यानपिढ्या तेच. अशा वेळी मुलांची मधली नावं बघा. तिथे आडनावासारखं काही असेल तर ते बहुधा आजीचं माहेर असतं. कॉर्नवॉलच्या पॅरिश नोंदींचा स्वयंसेवकांनी केलेला ऑनलाइन डेटाबेस फुकट आहे.

घरातल्या फोटोंच्या मागे पेनने लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते. मऊ पेन्सिल वापरा, ६००च्या रिझोल्यूशनला स्कॅन करा, चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. डब्यात युनियनचे छोटे धातूचे बिल्ले असतील तर टाकू नका, त्यांवर बहुधा वर्ष असतं. सगळं जमलं की सासूबाईंच्या रेकॉर्डिंगची आणि फोटोंची एक प्रत ब्रोकन हिलच्या नगर वाचनालयातल्या ‘आउटबॅक आर्काइव्ह्ज’ना घेणार का, ते विचारा. त्यांना पत्र लिहिताना आजोबांची खाण, रस्ता आणि साधारण वर्षं कळवा. त्याच कुटुंबाबद्दल त्यांच्याकडे काही असेल, तर त्यावरून ते शोधता येतं.