राणी रामपाल कशी खेळायची? वाचकांच्या हॉकी-शंका

प्रश्न: भारतीय महिला हॉकी संघाची माजी कर्णधार राणी रामपाल चौदाव्या वर्षी भारताकडून खेळली. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिने आत्ताच हॉकी सुरू केली. शाळेचं मैदान मातीचं. उशीर झाला का?

उशीर झालेला नाही, पण राणीचं वेळापत्रक समोर ठेवू नका. 2008 मध्ये रशियातल्या कझानच्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत ती उतरली आणि 2010 च्या रोसारिओ विश्वचषकात, पंधरा वर्षांची असताना, तिने सात गोल केले. असं क्वचितच घडतं. त्यामागे हरियाणातल्या शाहाबाद मारकंडाला प्रशिक्षक बलदेव सिंग यांच्याकडे लहानपणापासून घेतलेली तालीम होती. राष्ट्रीय सब-ज्युनियर स्पर्धा सोळा वर्षांखालची असते, म्हणजे तुमच्या हातात अजून काही वर्षं आहेत.

खरी अडचण मातीची आहे. मातीवर चेंडू उसळतो, म्हणून मुली ताठ उभ्या राहून, स्टिक सरळ धरून तो अडवतात. पाणी मारलेल्या टर्फवर (कृत्रिम गवतावर) तोच चेंडू जमिनीलगत सुसाट येतो आणि सरळ धरलेल्या स्टिकवर आपटून चार हात लांब जातो. त्यामुळे सवय आधीपासूनच वेगळी लावा. गुडघे वाकलेले, डावा हात मुठीवर घट्ट, उजवा खाली पण सैल. मूठ चेंडूच्या दिशेने किंचित पुढे झुकलेली, म्हणजे चेंडू स्टिकखाली दबतो. थांबलेला चेंडू उजव्या पायाच्या पुढे हातभर अंतरावर हवा. तिथून पुश (चेंडू ढकलणं), हिट, ड्रिबल (चेंडू स्टिकने पुढे नेणं) काहीही करता येतं. पायात अडकला तर तो सोडवेपर्यंत बचावपटू अंगावर आलेली असते.

टर्फ नसेल तर शाळेचं सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट आणि एक भिंत पुरते. भिंतीपासून पाच मीटरवर उभं राहून रोज दहा मिनिटं सरळ बाजूने आणि पाच मिनिटं रिव्हर्सने, म्हणजे स्टिक उलटी फिरवून डावीकडून, चेंडू घ्यायचा. रिव्हर्स घेताना स्टिक पूर्ण फिरली पाहिजे; मागची गोल बाजू लागली की फाउल. सिमेंटवर स्टिक झिजते, त्यामुळे त्यासाठी जुनी ठेवा. जोरदार हिट मारायची घाई नको. राणीचे गोल आठवून बघा: बहुतेकांत फटक्याआधीचा तो पहिला स्पर्श काम करून गेलेला दिसेल.

प्रश्न: दुकानदार 37 इंची स्टिक देतोय. "वाढेल ती," म्हणतो. घ्यावी का?

नको. स्टिक जमिनीवर उभी धरली की मूठ कंबरेच्या हाडापर्यंत यावी. साडेचार फूट उंचीला 32-33 इंच ठीक. प्रौढ महिला खेळाडू बहुतेक साडेछत्तीस इंची वापरतात. लांब स्टिकची मूठ पोटाला अडते, मग मुलगी कमरेतून ताठ होते आणि वाकायची सवय मोडते. नियमाने स्टिक 737 ग्रॅमपर्यंत चालते, पण या वयाला 450 च्या आसपास पुरे. ‘लो बो’ (खालच्या बाजूला जास्त वाक) लिहिलेली स्टिक ड्रॅग फ्लिकसाठी, म्हणजे चेंडू ओढत नेऊन उचलून फेकण्यासाठी असते. नवशिक्या हातात तिच्यावरून हिट नको तेव्हा उचलली जाते आणि समोरच्याला लागते. महागड्या कार्बन स्टिकवर पैसे घालण्याआधी शिनगार्ड (नडगीचं संरक्षण) आणि माउथगार्ड (दातांचं) घ्या.

प्रश्न: राणी नेमकी कुठल्या जागेवर खेळायची? कधी पुढे दिसायची, कधी मध्ये.

सुरुवातीला ती थेट स्ट्रायकर होती. पुढे अनुभव वाढला तशी थोडी मागे येऊन मधली फळी आणि आघाडी जोडू लागली. नोव्हेंबर 2019 मध्ये भुवनेश्वरला टोकियो ऑलिंपिकची पात्रता अमेरिकेविरुद्धच्या दोन सामन्यांतल्या एकूण गोलांवर ठरणार होती. पहिला सामना भारताने 5-1 जिंकला, पण दुसऱ्यात अमेरिकेने मध्यंतरालाच 4-0 आघाडी घेतली आणि एकूण गोल 5-5 झाले. 48 व्या मिनिटाला राणीने गोल केला. सामना 1-4 हरूनही एकूण 6-5 ने भारत टोकियोला गेला, आणि तिथे तिच्या नेतृत्वाखाली चौथा आला. मुलींना तो गोल दाखवा आणि चेंडूकडे न बघता राणीकडे बघायला सांगा: चेंडू डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) येण्याआधी ती कुठे उभी आहे ते.

प्रश्न: मुलगी सोळा वर्षांची. मांडीचा मागचा स्नायू (हॅमस्ट्रिंग) दुखावला होता. दहा दिवसांत चालताना दुखायचं थांबलं. जिल्हा स्पर्धेत खेळवू का?

चालता येतं म्हणून खेळता येईल असं नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. हॉकीत वाकून, दोन्ही हात स्टिकवर अडकलेले असताना पळावं लागतं आणि मध्येच पाय लांब टाकून चेंडू काढावा लागतो. तेव्हा हा स्नायू पूर्ण ताणलेला असतो आणि अर्धवट भरलेली जखम तिथेच पुन्हा फाटते. टोकियोनंतर याच दुखण्याने राणीला दीर्घकाळ त्रास दिला. 2022 च्या विश्वचषक संघात ती नव्हती, जानेवारी 2023 च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात परतली.

आधी हे तपासा: दाबल्यावर दुखत नाही ना, आणि उताणं झोपून सरळ पाय दुसऱ्याइतकाच वर जातो ना. मग 30 मीटर धाव, पहिल्या दिवशी निम्म्या वेगाने, दिवसाआड वाढवत पूर्ण वेगापर्यंत. कुठे ओढ जाणवली तर एक पायरी मागे. त्यानंतर वाकून ड्रिबल, आणि मगच सामना, तोही पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतो, त्याचा फायदा घ्या. दुखापतीच्या वेळी ‘टक’ असा आवाज आला असेल किंवा मांडी काळीनिळी झाली असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

बरी झाल्यावर आठवड्यातून दोनदा: गुडघ्यांवर बसायचं, कुणीतरी घोटे धरायचे, अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. पाच-पाचचे दोन सेट. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, ते चालतं.

प्रश्न: महाराष्ट्रातून पुढचा रस्ता कसा? नोकरी मिळते का?

शालेय स्पर्धा, राज्य संघ निवड, सब-ज्युनियर, मग एकोणीस वर्षांखालची ज्युनियर आणि वरिष्ठ राष्ट्रीय. पुण्यात बालेवाडीला शासनाची क्रीडा प्रबोधिनी आहे. साताऱ्याची वैष्णवी फाळके तिथूनच भारतीय संघात गेली. रेल्वे महिला हॉकीपटूंना फार पूर्वीपासून नोकरी देते. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार, पुण्याची एलिझा नेल्सन रेल्वेचीच. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण स्पर्धेची पातळी आणि प्रमाणपत्राची पडताळणी यांवर सगळं ठरतं. प्रत्येक प्रमाणपत्राची मूळ प्रत जपा, आणि जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार यांतली जन्मतारीख एकच आहे ना ते आजच बघा.