चढाओढीवर कँटोनीज भाषेत कोणती म्हण आहे आणि ती केव्हा वापरावी?

हाँगकाँगमध्ये यासाठी ‘चप स्यू हाङ थाउ, छाम क्वो पाय का’ ही म्हण प्रचलित आहे. इतरांनी संधी साधावी आणि आपण मागे राहावे, हे घरची दौलत उधळण्यापेक्षाही वाईट, असा तिचा रोख आहे. सवलतीच्या विक्रीचा पहिला दिवस, नव्या फोनसाठी लागलेली रांग, नामांकित बालवाडीचे प्रवेशअर्ज, अशा जिथे आधी पोहोचणाऱ्याचेच फावते त्या प्रसंगी ती चपखल बसते. धावतपळत रांग गाठणाऱ्या मित्राला ती थट्टेने ऐकवता येते आणि स्वतःच्या घाईचे समर्थनही तिने करता येते. रोजच्या बोलण्यात मात्र पूर्ण म्हणीची गरज क्वचितच पडते, कारण ‘म हौ चप स्यू’, म्हणजे ‘मागे राहू नकोस’, एवढे म्हटले तरी पुरते. सिंगापूरमधील ‘किआसू’ हा होक्किएन या चिनी बोलीतला शब्द याच वृत्तीचा आहे, परंतु तो बहुधा माणसाच्या स्वभावाला लावला जातो. ही म्हण बोलीतली असल्यामुळे कार्यालयीन पत्रात ती टाळावी. आणि ज्याचा व्यवसाय खरोखरच बुडाला आहे, त्याच्यासमोर तर ती उच्चारूच नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.