लहान पोरांना 'पोहता येतं का' हे विचारायचं कसं?

ताई, तासगावच्या उन्हाळी शिबिरातल्या ५ ते ७ वर्षांच्या पोरांना आपल्याला किती पोहता येतंय असं वाटतं ते मोजायचंय आणि त्यासाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता केलाय असं तुम्ही लिहिलंय. स्पष्टच सांगतो, तो तक्ता बाजूला ठेवा. या वयाचं पोर सगळ्यात हसरा चेहरा निवडतं कारण तो छान दिसतो, पोहण्याचा तिथं काही संबंधच येत नाही.

मी सांगलीत बरीच वर्षं बारक्या पोरांना टँकवर शिकवतोय. 'पोहता येतं का' हा प्रश्नच मुळात लय मोठा आहे. आपल्याकडचं पोहणं म्हणजे मामाच्या मळ्यातली विहीर, पाठीला डबा नाहीतर पोटाला ट्यूब, आणि वर दोर धरून आजोबा. ते पोर येतं म्हणणारच की, आणि खोटंही बोलत नसतं. एका सहा वर्षांच्या पोरीनं मला ठामपणे सांगितलं की मला उलटं पोहता येतं. कसं गं विचारलं तर म्हणाली, "बाबा डोक्याखाली हात धरतात, मग मी पाय मारते." हात काढला तर? "मग काढायचाच नाही ना!" आता तिच्या नावापुढं सगळ्यात हसरा चेहरा मांडून तुम्हाला काय कळणार?

म्हणून चित्रं वापरायची. ही कल्पना जुनी आहे, अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सुझन हार्टर आणि त्यांच्या सहकारी रॉबिन पाइक यांनी १९८४ मध्ये लहान मुलांसाठी चित्रांची मोजपट्टी काढली, त्यात दोन चित्रं दाखवायची, यातलं तुझ्यासारखं कोण ते विचारायचं, मग थोडंसं की अगदी तसंच असं विचारून चारपैकी मार्क. मुलींना मुलीची चित्रं, मुलांना मुलाची. त्याच धर्तीवर ऑस्ट्रेलियात लिसा बार्नेट आणि मंडळींनी पळणं, झेलणं, फेकणं यासाठी केली. पाण्यासाठी वेगळी मोजपट्टी २०२० च्या सुमारास आली, ती साधारण ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे, पाण्यातल्या १७ गोष्टी आणि प्रत्येकीची तीन चित्रं: अजून जमत नाही, जमत आलंय, जमतं. म्हणजे पाण्यात शिरणं, बुडबुडे काढणं, तोंड बुडवणं, पाठीवर तरंगणं, उडी हे सगळं सुटं सुटं विचारलं जातं. तुम्हाला सगळी १७ लागणार नाहीत, शिबिरात जे शिकवणार तेवढीच घ्या.

विचारताना पोराला एकटं घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. चार जणांत विचारलं की पहिला जे बोट दाखवतो तेच बाकीचे दाखवतात, आणि आई शेजारी बसली असेल तर पोर चित्राकडं नाही, आईच्या तोंडाकडं बघतं. आधी पाण्याचा संबंध नसलेलं एखादं चित्र द्या, सायकल चालवणं वगैरे, म्हणजे बोट कसं दाखवायचं ते कळतं. तिन्ही चित्रं तोंडानं सांगा, यात हा काठ धरून आहे, यात एक हात सोडलाय, यात दोन्ही सोडलेत, आणि मग 'यातला तू कोण?' एवढंच. शाब्बास म्हणायचं नाही, भुवई पण उडवायची नाही. काही पोरं आपली दर वेळी उजवीकडच्याच चित्रावर बोट ठेवत सुटतात, तसं झालं तर थांबा आणि 'हे कधी केलंस, कुठं केलंस' विचारा. डबा, ट्यूब, बाबांचा हात हे सगळं तिथंच बाहेर येतं, ते मार्कांच्या शेजारी लिहून ठेवा. नुसत्या आकड्यापेक्षा ती ओळ जास्त कामाची.

आणि हे विचारणं पाण्यात उतरायच्या आधी. नाकात पाणी गेलेलं पोर आणि नुकताच मुटका मारून आलेलं पोर, दोघांची उत्तरं त्या पाच मिनिटांची असतात.

नंतर त्याच गोष्टी कमरेएवढ्या पाण्यात प्रत्यक्ष करून घ्यायच्या, मोठं माणूस शेजारी पाण्यात उभं पाहिजे, आणि मार्क देणाऱ्याला पोराचं आधीचं उत्तर माहीत नसलेलं बरं. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, पण बेरीज करू नका. बेरजेत खरी गोष्ट बुडते. उडी 'जमते' आणि उडीनंतर वळून काठ धरणंही 'जमतं' असं म्हणणारं, पण प्रत्यक्षात फक्त उडीच जमणारं पोर, हे माझ्या मते सगळ्यात धोक्याचं. बेरजेत ते चांगलं दिसतं.

बाकी या वयात स्वतःला थोडं जास्त समजणं नॉर्मल आहे, सात-आठ वर्षांपर्यंत पोरांना 'मी लय प्रयत्न केला' आणि 'मला येतं' यातला फरक नीट कळत नाही, आणि त्या फुशारकीवरच ती परत परत पाण्यात येतात, त्यामुळं 'तुला कुठं येतंय' म्हणून ती मोडू नका. पण दुसरी बाजू पण आहे. जोडी प्लमर्ट या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सहा आणि आठ वर्षांच्या मुलांना उंचावरच्या खेळण्याला हात पुरेल का वगैरे आधी विचारून मग करायला लावलं, तर सहा वर्षांच्यांत अंदाज चुकण्याचा आणि अपघाती दुखापतींचा संबंध दिसला. तिथं शेल्फ होतं, आपल्याकडं विहिरी आणि कृष्णा आहे. म्हणून फरक मोठा दिसला की पोराला नाही, पालकांना सांगा, आणि कुठल्या गोष्टीत फरक आहे ते नेमकं सांगा. 'तुमचा मुलगा ओव्हरकॉन्फिडंट आहे' म्हटलं की बाप खूश होऊन घरी जातो, स्वतः बघितलंय.

उलट केस पण येते, पाठीवर आरामात तरंगणारं पोर 'जमत नाही' दाखवतं. त्याला नवीन काही शिकवायची घाई नको, जे येतंय तेच चार दिवस करून घ्या आणि परत चित्रं दाखवा.

चित्रं शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांकडून काढून घ्या, साधी रेघांची चालतील, फक्त पाणी पोराच्या अंगावर कुठपर्यंत आहे ते स्पष्ट दिसू दे. पाणी निळं नको, जरा हिरवट ठेवा आणि एक-दोन चित्रांत दगडी पायऱ्या काढा. निळ्या फरशीचा टँक बघून "हे मला नाही येत, मला विहिरीतलं येतं" म्हणणारी पोरं तुमच्या भागात निघणारच.