सायकल न्यावी की नाही

प्रिय,

तुझं पत्र पोचलं. प्रवेश झाला, वसतिगृहाची खोली मिळाली आणि घोडं अडलं ते सायकलवर, हे वाचून हसू आलं. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी त्यात आपटलोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिल्या दिवशी नेऊ नकोस. दोन-तीन आठवडे पायी फिर, मग ठरव.

माणूस तासाला साधारण ५ किलोमीटर चालतो, निवांत पायडल मारलं तरी सायकल १५ जाते. म्हणजे किलोमीटरभर अंतराला पायी १२ मिनिटं, सायकलवर ४. आता त्या वाचलेल्या ८ मिनिटांतून कुलूप काढणं, दुसऱ्याच्या हँडलात अडकलेलं आपलं हँडल सोडवणं, तिकडे पोचून जागा शोधणं आणि पुन्हा कुलूप घालणं हे वजा कर. वर्ग अर्ध्या किलोमीटरवर असेल तर हाती काहीच लागत नाही. दीड-दोन किलोमीटर असेल, किंवा एका तासानंतर दहा मिनिटांत पार दुसऱ्या टोकाला पोचायचं असेल, तर मात्र सायकलीला तोड नाही. अंतर नकाशावर मोजू नकोस, चालूनच बघ. साध्या नकाशात चढ कळत नाही, मांड्यांना बरोबर कळतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती रात्री कुठे उभी राहणार? वर छप्पर आहे का? कुलूप अडकवायला जमिनीत पक्का रोवलेला लोखंडी दांडा आहे का? एकदा वसतिगृहाच्या स्टँडवर जा आणि कोपऱ्यातल्या सायकली बघ. सीटवर धुळीचा थर, चेन गंजून लाल, दोन्ही टायर बसलेले, तारांमधून गवत वर आलेलं. कधीतरी कुणीतरी त्या हौसेनंच आणल्या होत्या.

त्यातली एक माझी होती. नवी कोरी, गिअरची. परीक्षा आली, मग सुट्टी लागली, आणि मी ती उघड्यावर तशीच सोडून घरी गेलो. ट्यूबमधली हवा आपोआप हळूहळू उतरतेच. परत आलो तेव्हा सायकल नुसत्या रिमवर उभी होती, टायरच्या कडेला भेगा पडलेल्या. दुरुस्ती 'उद्या करू' म्हणता म्हणता वर्ष गेलं.

म्हणून न्यायचीच ठरली तर जुनी ने. बिनगिअरची, मडगार्ड आणि कॅरिअर असलेली. दिसायला ओबडधोबड असली तर उत्तमच, चोराचा जीव तिच्यात अडकत नाही. नुसतं मागच्या चाकाचं कुलूप पुरत नाही, अख्खी सायकल खांद्यावर टाकून नेता येते. वायरचं कुलूप तर कटरनं क्षणात तुटतं. यू आकाराचं भक्कम कुलूप घे. ते फ्रेम, मागचं चाक आणि दांडा या तिघांना मिळून अडकव. दिवा आणि मागचा लाल रिफ्लेक्टर हवाच, त्यावर चर्चा नको.

आणि निघण्याआधी सायकल उलटी कर. बहुतेक सायकलींना पायडलच्या कण्याखाली फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेव, चोरीची तक्रार द्यायची वेळ आली तर पहिल्यांदा तोच विचारतील.

तुझा,
काका