‘दोन छेद पाच’ आलं कुठून? वाचकांचे गणिताचे प्रश्न

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे. १/२ + १/३ दिलं की २/५ लिहून मोकळी. छेद समान करायचा असतो हे दहादा सांगून झालंय, समोर बसवून करून घेतलंय, त्या दिवशी येतं आणि दोन दिवसांनी परत २/५. लक्ष देत नाही म्हणू की हिला गणित जमणारच नाही असं धरून चालू? – एक वैतागलेली आई

उत्तर : ताई, दोन्ही नको. आधी हे सांगा, ‘२/५ कसं काढलंस गं?’ असं तिला कधी विचारलंय का? दटावून नाही, खरंच जाणून घ्यायचंय म्हणून. मी स्वतः शिकवायला लागल्यावर सात-आठ वर्षांनी पहिल्यांदा एका मुलाला हे विचारलं, तोवर सुचलंच नव्हतं, नुसता लाल पेन चालवत होतो. तर तो पोरगा म्हणतो, "सर, पहिल्या चाचणीत दहापैकी सात, दुसरीत दहापैकी आठ, मग तुम्हीच ७/१० आणि ८/१० च्या खाली १५/२० लिहिता ना?" मी गार. बरोबरच होतं की त्याचं! मार्कांची बेरीज आपण वर वर, खाली खाली अशीच करतो, कारण तिथे दोन पेपर मिळून एक मोठा पेपर होतो, म्हणजे ‘एकूण’च बदलतं. अपूर्णांकांच्या बेरजेत मात्र दोन्ही तुकडे एकाच अख्ख्या वस्तूचे असतात आणि ती वस्तू तेवढीच राहते. हा फरक मुलांना सहसा कोणी सांगत नाही, आणि मग आपण म्हणतो पोरगी लक्ष देत नाही.

आता करायचं काय, तर कागदाची एक लांब पट्टी घ्या, मधोमध दुमडा, निम्मी तिलाच रंगवू द्या. विचारा, यात अजून थोडं रंगवलं तर रंग अर्ध्यापेक्षा जास्त होईल की कमी? जास्त म्हणेल. मग विचारा, बरं, २/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? आणि इथे कृपा करून गप्प बसा. पाचाचे अर्धे अडीच, दोन त्याहून कमी, म्हणजे अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी झालं, हे तिचं तिला खटकलं पाहिजे. खटकलं की मग दुसरी तेवढीच पट्टी तीन भागांत दुमडायची आणि दोन्हीकडे नीट बसेल असा तुकडा शोधायचा. सहावा भाग सापडेल, अर्ध्यात तीन, तिसऱ्या भागात दोन, झाले ५/६. छेद समान करायचा नियम यानंतर सांगा, तेव्हा तो नियम वाटणार नाही.

आणि तुमची मुलगी एकटी नाही हो. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं फक्त अंदाजे उत्तर निवडायला सांगितलं होतं, पर्याय १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक आहेत, म्हणजे उत्तर साधारण २. ते निवडलं फक्त २४ टक्क्यांनी. निम्म्याहून जास्त मुलं १९ नाहीतर २१ वर गेली, म्हणजे नुसते अंश मिळवले नाहीतर नुसते छेद.

प्रश्न : धडा शिकवला की वर्ग सरावसंच फटाफट सोडवतो. महिन्याने परीक्षेत तीच उदाहरणं आली की निम्मे जण कोरा पेपर देतात. उजळणी कमी पडते का? – नवीन शिक्षक

उत्तर : उजळणी कमी नाही पडत सर, तिची मांडणी गंडलेली असते. धड्याचं नाव ‘शेकडेवारी’, खालची वीसच्या वीस उदाहरणं शेकडेवारीची, मग पोराला वाचायची गरजच काय? आकडे उचलायचे, सूत्रात टाकायचे. कोणती रीत वापरायची हा निर्णय, जो खरा अवघड भाग आहे, तो पुस्तकाच्या मथळ्यानेच घेऊन टाकलेला असतो आणि परीक्षेत मथळा नसतो.

रोरर आणि टेलर या संशोधकांचा २००७ चा एक प्रयोग यावर नेमकं बोट ठेवतो. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं, एका गटाला एकेका प्रकारची उदाहरणं सलग, दुसऱ्याला सगळी मिसळून. सराव करताना सलगवाले ८९ टक्के बरोबर, मिसळवाले ६० टक्के. आठवड्याने चाचणी घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३. म्हणजे सरावाच्या तासाला जो वर्ग हुशार दिसतो तोच नंतर आपटतो, आणि आपण फसतो ते त्या तासाच्या दिसण्याला.

तुम्ही एवढंच करून बघा, दहा उदाहरणांचा गृहपाठ असेल तर आजची तीन-चार ठेवा, बाकी मागच्या धड्यांतली, क्रम विस्कटलेला. अधूनमधून ‘सोडवू नका, फक्त कोणती रीत लागेल आणि का ते लिहा’ असंही द्या. पहिले दोन आठवडे मुलं कुरकुरतील, मार्कही कमी पडतील, पालकांचे फोन येतील. तेवढं सोसा.

प्रश्न : ‘समजलं का?’ विचारलं की अख्खा वर्ग ‘होऽऽ’ म्हणतो. खरं समजलं की नाही कसं ओळखायचं? – एक शिक्षिका

उत्तर : तो ‘हो’ म्हणजे ‘बाई, पुढे चला’ एवढाच असतो, तो मनावर घेऊ नका. फळ्यावर ८ + ४ = □ + ५ लिहा आणि चौकटीत काय येईल ते प्रत्येकाला आपापल्या वहीत लिहू द्या. उत्तर ७, पण १२ आणि १७ चा पाऊस पडेल. अमेरिकेत १९९९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना हेच दिलं होतं, सगळ्यांनी १२ नाहीतर १७ लिहिलं, एकही ७ नाही! कारण बरोबरच्या चिन्हाचा अर्थ मुलांच्या लेखी ‘आता उत्तर लिहा’, दोन्ही बाजू सारख्या आहेत असा नाही. पुढे समीकरणं आली की ही मुलं तिथेच अडकतात आणि आपण बीजगणिताला दोष देतो.

दुसरं, प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या संशोधक बाईंनी विज्ञानाच्या वर्गांतल्या टेप ऐकून मोजलं होतं, शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. मी मनात पाच आकडे मोजतो. पहिल्या दिवशी ती शांतता अक्षरशः खायला उठली होती.

प्रश्न : पाढे पाठ करून घ्यावेत की नाही? नातवाच्या शाळेत म्हणतात घोकंपट्टी नको. – एक आजोबा

उत्तर : घ्यावेत आजोबा. भागाकार करताना सात आठे किती यावर अडलं तर मूळ गणित डोक्यातून निसटतं. फक्त हातात घड्याळ धरून धाक घालू नका, आणि विसरला तर पहिल्यापासून म्हणायला न लावता विचारा, सात साते एकोणपन्नास येतं ना, मग अजून एक सात? छप्पन्न तो स्वतः काढेल.